संध्याकाळचे उच्चार

सकाळी सात वाजता
माझ्या तोंडून सगळी गावं धड निघतात.
पेठ, दिंडोरी, कळवण,
डांगसौंदाणे मार्गे सटाणा.
जुन्या सीबीएसच्या कर्ण्यातून
ती चहाच्या गाड्यापर्यंत पोचतात
आणि माणसं पिशव्या उचलतात.

दुपारी साडेतीनला जबडा जड होतो.
दुखत नाही. दुखलं असतं तर बरं,
दुखणं लोकांना कळतं.
हे नुसतं सैल पडत जातं,
धुऊन धुऊन गेलेल्या इलॅस्टिकसारखं.
सहादा सांगितलेलं स्नायू ऐकतो,
सातव्यांदा नाही.

पाचनंतर प चा म होतो,
द चा न.
पेठ मेठ होतं, दिंडोरी निन्नोरी,
हवा नाकातून पळून जाते,
आणि पापण्या बंदच्या दिवशीच्या शटरसारख्या
अर्ध्यावर थांबतात.

बोरस्ते साहेब एकदा केबिनमध्ये आले,
रजिस्टर बघायच्या निमित्ताने वाकले
आणि माझ्या तोंडाचा वास घेतला.
मी श्वास सोडला, चांगला लांब, त्यांच्या सोयीसाठी.
बडीशेप होती.
पण कँटीनमध्ये तोवर शिजलं होतं:
गायधनीबाई पाचलाच बसतात म्हणे,
द्राक्षाच्या गावात राहून कोरडं कोण राहणार.

आजाराचं नाव सांगून पाहिलं.
मायस्थेनिया ग्रॅव्हिस.
धुमाळ म्हणाला, ही कुठली नवी जात?
एकरी किती निघते?
मीसुद्धा हसले.
संध्याकाळ होती, हसू निम्म्यावर राहिलं,
त्याला वाटलं मी त्याची खिल्ली उडवतेय.

जाऊ म्हणते, दिसतेस तर टुणटुणीत,
काय धाड भरलीय तुला.
सिव्हिलचं बोर्ड सकाळी दहाला बसतं.
हात वर करा म्हणाले, केले.
मोठ्याने बोला म्हणाले, बोलले.
कागदावर लिहिलं: विशेष काही नाही.
मी म्हटलं, साडेसहाला बघा मला.
साडेसहाला बोर्ड नसतं.

घरी जाताना होळकर पुलावर
मला दोन गोदावऱ्या दिसतात,
आणि एकीलाही धड पाणी नसतं.
एक डोळा मिटला की एकच उरते.
तसाच मिटला एकदा,
तर समोरून येणारा पुरुष थबकला,
मागे वळून पुन्हा आला.
तेव्हापासून मी दोन्ही नद्या बघत जाते.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही.
मागच्या पौषात, सकाळी आठला,
फलाट सहावर एक पोरगा आडवा पडलेला.
शर्टाला माती, तोंडाला फेस, एक चप्पल लांब.
मी वॉचमनला म्हटलं,
उचला याला, सकाळी सकाळी पिऊन पडलाय.
माइक चालू होता.
सगळ्या स्थानकाने ऐकलं.
एकही अक्षर घसरलं नाही.

नळावरून त्याची बहीण धावत आली, बाटली सांडत.
त्याचं डोकं मांडीवर कुशीला वळवलं,
मनगटावरच्या घड्याळात मिनिटं मोजू लागली.
मोजता मोजता तिने मान वर केली.
माझ्याकडे नाही,
कर्ण्याकडे बघितलं.

हरसूलची गाडी मी सहा मिनिटं धरून ठेवली.
कंडक्टर ओरडला, त्याचं ऐकून घेतलं.
माफी मागायची तर त्याच माइकवरून,
तसं करता येत नाही असं मीच ठरवलं.
नियम कुठे लिहिलेला नाही.

आज पावणेसात.
मेठ, मेठ, म्हणते मी,
आणि लुगडं नेसलेली एक म्हातारी
कोंबडीची पाटी उचलून बरोबर गाडीकडे जाते.
कॉलेजची दोन पोरं एकमेकांना कोपर मारतात.
साडेसहाची गोळी अजून लागू झालेली नाही.

शेवटची सुरगाणा बाकी आहे.
या नावात एकदाही ओठ मिटावे लागत नाहीत.
ग तेवढा हट्टी.
त्याच्यासाठी मी डाव्या हाताने
हनुवटी खालून उचलून धरते.
काचेबाहेरून बघणाऱ्याला वाटत असेल,
बाई कंटाळलीय,
हाताला गाल टेकून बसलीय.